उत्तर येत होतं, पण पोरगी बोललीच नाही

आमच्या जिंतूरच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज घेऊन लेकीला लॅपटॉप घेऊन दिला. परवा तिची पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत झाली, व्हिडिओवर. प्रश्न होता : अकारविल्हे लावलेल्या १००० नावांतून एक नाव झटपट कसं शोधाल? पोरगी मनातच हिशेब मांडत गप्प बसली. "कळवतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला. ती रडून म्हणाली, "मला नाही जमणार."

आम्ही तिला बैठकीत बोलावलं, तोच प्रश्न आम्हाला समजावायला सांगितला. ती म्हणाली, "यादीच्या मधलं नाव बघायचं. आपलं नाव त्याच्या पुढं असेल तर मागची अर्धी यादी सोडायची. उरलेलीचं पुन्हा तसंच. जास्तीत जास्त १० वेळांत नाव सापडतं." आम्हा सगळ्यांना कळलं!

अशा मुलाखतीत नुसतं उत्तर नाही, विचार कसा करता तेही बघतात. म्हणून सुचेल ते मोठ्यानं बोलायचं, अडलं तर विचारायचं. तुमची लेक तयारी करत असेल तर घटकाभर समोर बसा. इंग्रजी येत नसलं तरी "असं का गं?" एवढं विचारता येतंच की.