अब्बांची येझदी आणि सायलेन्सरची जाळी

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या काही घरांत अब्बांची जुनी येझदी किंवा जावा अजून जपून ठेवलेली दिसते. ती पोरांच्या हाती आली की पहिले काम ठरलेले असते: सायलेन्सरमधली जाळी काढून टाकणे. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा समज.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या या गाड्यांचे इंजिन टू-स्ट्रोक. धूर बाहेर पडत असतानाच त्यात पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण येते आणि थोडे धुरामागोमाग निसटते. सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट ते पुन्हा आत ढकलते. जाळी काढली की हा मेळ बिघडू शकतो. मग पेट्रोल जास्त लागते, चढावर गाडी ओढत नाही. हमखास वाढतो तो फक्त आवाज.

गाडी सुस्त झाली असेल तर आधी काजळी पाहा. पेट्रोलबरोबर तेल जळते, काजळी साचते, धुराची वाट अडते. मिस्त्रीकडून जाळी साफ करून घ्या आणि तीच परत बसवा. सायलेन्सर गंजला असेल तर मूळ मापाचाच घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचा नियम मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चंद्रपूरहून मोहर्लीला जाणारा रस्ता ताडोबाच्या जंगलातला. तिथल्या जनावरांना तक्रार करता येत नाही. मोहल्ल्यातली आजारी दादीही बहुधा गप्पच राहते. शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना घरात शिकवतो. गाडीची किल्ली देताना त्याची आठवणही द्यावी.