भरली वांगी आणि कोशिंबीर : घरच्या ताटासाठी पौष्टिक जोडी



आपल्या शेतातील चांगली भाजी पाटीत भरून बाजाराला जाते आणि किडकी, वेडीवाकडी फळे घरात राहतात. घरातही सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेल्या भाजीवर गृहिणीची भाकरी होते. सन 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थकवा, धाप लागणे, कामात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून तोडणीच्या दिवशी घरासाठी अर्धा किलो चांगली वांगी आधी बाजूला काढावीत.

तोडणी व निवड

भरण्यासाठी मांजरी गोटासारख्या वाणाची लहान, कोवळी, चकचकीत फळे घ्यावीत. छिद्र असलेल्या फळात अळी असते, ती वापरू नयेत. फवारणी करायची असल्यास तयार फळे आधी तोडावीत. फवारणीनंतर औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत बाजारासाठी वा घरासाठी तोडणी करू नये. नुसते धुतल्याने औषधाचा अंश पूर्णपणे जात नाही.

साहित्य (5 माणसांसाठी)

लहान वांगी अर्धा किलो, भाजलेले शेंगदाणे अर्धी वाटी, पॉलिश न केलेले तीळ 3 चमचे, किसलेले सुके खोबरे 2 चमचे, कांदा 1, लसूण 8 पाकळ्या, काळा मसाला 2 चमचे, चिंचेचा कोळ, थोडा गूळ, हळद, तिखट, मीठ, कोथिंबीर आणि तेल 2 मोठे चमचे.

कृती

तीळ, खोबरे व कांदा कोरडेच भाजून घ्यावे. त्यात शेंगदाणे, लसूण व मसाले घालून जाडसर वाटावे. चिंच, गूळ, मीठ व कोथिंबीर मिसळावी. वांग्यांना देठ ठेवून चार चिरा द्याव्यात व आत अळी नाही याची खात्री करावी. मसाला भरून वांगी फोडणीत अलगद सोडावीत. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवावे. तेच गरम पाणी लागेल तसे भाजीत घालावे.

शेंगदाणे व तीळ यांत जवळजवळ निम्मे तेलच असते. ते शिजताना सुटते, म्हणून वरून जास्त तेल ओतण्याची गरज नाही. वांग्यात पाणी जास्त व प्रथिने कमी असतात. ही उणीव शेंगदाणे भरून काढतात, तर तिळातून चुना व लोह मिळते. भाजी लोखंडी कढईत केल्यास चिंचेच्या आंबटपणामुळे कढईतील थोडे लोह भाजीत उतरते. भाजी काळपट दिसली तरी बिघडत नाही. मात्र शिजल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढावी.

सोबत कोशिंबीर

धान्य व भाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. 'क' जीवनसत्त्व सोबत असल्यास ते अधिक शोषले जाते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून कच्च्या कोशिंबिरीचे महत्त्व आहे. काकडी, गाजर, टोमॅटो, कांदा व मुळ्याचा कोवळा पाला वाहत्या पाण्याखाली धुऊन मगच चिरावा. चिरल्यावर पाण्यात ठेवू नये. जेवायला बसताना दाण्याचा कूट, कोथिंबीर, लिंबू व शेवटी मीठ घालावे. काकडीला सुटलेले पाणी फेकू नये. गाजरातील कॅरोटीन शोषले जाण्यास कूटातील तेल उपयोगी पडते.

लक्षात ठेवा

- सोबत बाजरीची भाकरी घ्यावी. तिच्यात ज्वारीपेक्षा लोह अधिक असते.
- जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. त्यामुळे लोहाचे शोषण घटते. किमान एक तास जाऊ द्यावा.
- केवळ आहाराने रक्तक्षय बरा होईल असे समजू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

परसबागेत सांडपाण्यावर वांग्याची आठ-दहा झाडे, थोडा मुळा व कोथिंबीर लावल्यास घरची गरज भागते. भाजी शिजली की सर्वांची ताटे एकदमच वाढावीत, म्हणजे गृहिणीच्या वाट्यालाही भरले वांगे येईल.