दुहेरी दुर्बीण आणि आपल्या गांवचें आकाश

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मुलाची आकाशदर्शनाची हौस पाहून त्यास एक लहान दुर्बीण आणून दिली. पेटीवर 'चारशें पट' असे मोठाले शब्द छापलेले होते. तीन रात्री पितापुत्र अंगणांत बसले. परंतु तिपाई डुगडुगे, तारा क्षणभर दिसे आणि निसटे, शनि तर सांपडलाच नाहीं. चौथ्या दिवशीं दुर्बीण माळ्यावर गेली आणि तिच्याबरोबर मुलाची हौसहि गेली. पैसे गेले हें नुकसान लहान; हौस गेली हें मोठें. असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊं नये, म्हणून या विषयावर आम्ही चार शब्द लिहीत आहोंत.

आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे : आरंभ करणाऱ्यानें प्रथम नुसत्या डोळ्यांनीं नक्षत्रें ओळखावीं, आणि मग उपकरण घ्यावयाचेंच असेल तर, जिला बाजारांत बायनॉक्युलर म्हणतात ती दुहेरी दुर्बीण घ्यावी. एका डोळ्यानें पाहावयाची स्वस्त दुर्बीण आकाशाचा अगदीं लहान तुकडा, आणि तोहि बहुधा उलटा दाखविते. त्यामुळें नवशिका वाट चुकतो. दुहेरी दुर्बिणींत आकाश सुलट दिसतें, आणि बारा पूर्णचंद्र एका ओळींत मावतील एवढा रुंद भाग एकदम दृष्टीस पडतो. दिवसां तिनें शेतावरचीं पांखरेंहि पाहतां येतात, हा लाभ वेगळाच.

दुर्बिणीवर 7×50, 8×40, 10×50 असे दोन आंकडे लिहिलेले असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट मोठी दिसते तें सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. घेणारा पहिल्या आंकड्यास भुलतो. परंतु तारे इतके दूर आहेत कीं, कितीहि पट केली तरी ते बिंदूच राहतात. ते अधिक तेजस्वी व अधिक संख्येनें दिसावे एवढेंच आपण इच्छावें. आणि तें काम भिंगाच्या रुंदीचें आहे. अंधारांत तरुण मनुष्याच्या डोळ्याची बाहुली सुमारें 7 मिलिमीटर उघडते. 50 मिलिमीटरांचें भिंग तिच्या सुमारें पन्नासपट प्रकाश गोळा करतें.

आतां दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागावें. जो भागाकार येईल तितके मिलिमीटर रुंद प्रकाशाचा झोत डोळ्यांत शिरतो. 7×50 मध्यें तो 7 येतो, 8×40 व 10×50 मध्यें 5. पन्नाशीच्या सुमारास बाहुली बहुधा पांचांहून फारशी अधिक उघडत नाहीं. अशा वडील मनुष्यास 7×50 मधील पुष्कळ प्रकाश वायां जातो. म्हणून लहानथोर सर्वांच्या उपयोगासाठीं 10×50 चांगली, आणि मुलांच्या हातांस हलकी हवी असल्यास 8×40. दहांहून अधिक पट नुसत्या हातानें स्थिर धरवत नाहीं. 'झूम' म्हणून जी कमीअधिक पट करणारी दुर्बीण विकतात, ती स्वस्तांतली तरी घेऊं नये.

दुकानांतच तीन परीक्षा कराव्या. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाच्या भिंतीकडे रोखावी व डोळ्याकडील भिंगांत दिसणारें प्रकाशाचें वर्तुळ पाहावें. तें गोल व स्वच्छ असेल तर आंतील लोलक चांगले, कडा कापल्यासारख्या चौकोनी व करड्या असतील तर हलके. दुसरें, दूरच्या खांबाकडे पाहावें. खांब दोन दिसले किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले, तर ती दुर्बीण परत ठेवावी. तिसरें, माणकासारख्या लालभडक भिंगांस भुलूं नये. चांगल्या भिंगांवर मंद हिरवी वा जांभळी झांक असते.

वापरतांना प्रथम पट्टा गळ्यांत घालावा. दोन नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जुळवाव्या. उजवें भिंग झांकून मधल्या चाकानें डाव्या डोळ्यास तारा टांचणीच्या टोंकासारखा करावा. मग डावें झांकून उजव्या नळीच्या कड्यानें उजव्या डोळ्यासाठीं तसेंच करावें. हात कांपूं नयेत म्हणून भिंतीस टेकावें. किंवा, आपल्याकडे उन्हाळ्यांत करतात तशी, अंगणांत बाज टाकून उताणें पडावें. अंधारांत वीस ते तीस मिनिटें बसल्यावरच डोळे पुरते तयार होतात. नकाशा पाहण्यास विजेरीवर लाल कागद बांधावा. भिंगें धोतराच्या सोग्यानें वा पदरानें कधींहि पुसूं नयेत. आणि पावसाळ्यांत बुरशी येऊं नये म्हणून दुर्बीण कोरड्या डब्यांत ठेवावी.

एक गोष्ट मुलांनीं हृदयावर कोरून ठेवावी : दुर्बिणींतून सूर्याकडे क्षणभरहि पाहूं नये. डोळ्याच्या आंतील पडद्यास वेदना कळत नाहीं. तो जळतो आणि मुलास पत्ताहि लागत नाहीं. सूर्य पुरता मावळल्यावरच दुर्बीण बाहेर काढावी, आणि मुलांच्या हातीं ती देतांना वडिलांनीं जवळ असावें.

आतां पाहावें काय? नोव्हेंबर-डिसेंबरांत भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्येस देवयानींतील धूसर ठिपका दिसतो. तो सुमारें 25 लक्ष प्रकाशवर्षें दूर असलेला दुसरा विश्वसमूह आहे. थंडीच्या दिवसांत कृत्तिकांच्या सहासात तारकांच्या जागीं अनेक तारका दिसतात. मृगाच्या पोटांतील बाणाच्या दक्षिणेस तेजोमेघ आहे. याच कृत्तिकांचा व मृगाचा उल्लेख ईयोबाच्या पुस्तकांत आहे. फेब्रुवारी-मार्चांत पुष्याजवळचा तारकापुंज पाहावा. वर्ध्याचें स्थान सुमारें पावणेएकवीस उत्तर अक्षांशावर असल्यामुळें, इंग्लंडांत जो कधींच उगवत नाहीं तो नरतुरंगांतील ओमेगा नांवाचा प्रचंड तारकागुच्छ मे महिन्याच्या मध्यास रात्रीं दहाच्या सुमारास आपणांस दक्षिणेस बावीस अंश उंचीवर, कापसाच्या बोंडासारखा दिसतो. गुरूचे जे चंद्र गॅलिलिओनें 1610 च्या जानेवारींत पाहिले, तेहि दुर्बीण स्थिर धरल्यास दिसतात. शनीचें कडें मात्र या दुर्बिणींत दिसत नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों.

इतक्या साध्या साधनानें काय होणार, असें कोणास वाटेल. इंग्लंडांत पीटरबरोजवळ जॉर्ज अल्कॉक नांवाचे एक शाळामास्तर होते. त्यांनीं हजारों तारकांची रचना पाठ केली होती, आणि दुहेरी दुर्बिणीनें पांच धूमकेतु शोधिले. 1983 च्या मे महिन्यांत तर त्यांनीं घरांतूनच, बंद खिडकीच्या कांचेतून, एक धूमकेतु पाहिला. तो पुढें पृथ्वीपासून सुमारें 46 लक्ष किलोमीटरांवरून गेला. त्यांचें खरें धन दुर्बीण नव्हे, तर आकाशाची ओळख हें होतें.

बोरगाव मेघे येथें शहराचे दिवे वर्षानुवर्षें वाढत आहेत आणि अंधार मागें सरत आहे. तरी गांवाबाहेर थोडें चाललें तर अमावास्येच्या आसपास अजून पुष्कळ दिसतें. चार घरांनीं मिळून एक दुर्बीण घेतली तरी चालेल. मात्र मुलांबरोबर पालकांनींहि अंगणांत यावें. मेंढरें राखणाऱ्या दाविदाजवळ कांहींच उपकरण नव्हतें. तरी आकाश पाहून त्यानें आपलें लहानपण आणि देवाचें थोरपण ओळखिलें. मुलांस एवढें साधलें तर दुर्बिणीचे पैसे वसूल झाले असें आम्ही समजूं.