उंदराला विचारायचं कसं?

वजन उतरवणारं इंजेक्शन घेतलं की दारूही नकोशी होते, ही बातमी एव्हाना घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून झाली आहे. हे इंजेक्शन म्हणजे सेमाग्लुटाइड; वजनासाठी ते भारतात विक्रीला आलं जून २०२५ मध्ये. त्याआधी चारच महिने, अमेरिकेत ४८ मद्यासक्तांवर झालेल्या त्याच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले होते. पण या कुळातल्या औषधांची दारूशी गाठ पडली ती उंदरांच्या पिंजऱ्यात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात एलिसाबेत येर्लहाग यांच्या गटाने २०१३ मध्येच दाखवलं होतं, की याच कुळातलं एक्झेनाटाइड दिलेल्या उंदरांना दारूची गोडी लागत नाही.

गोडी लागली की नाही, हे उंदराला विचारायचं कसं?

सोपी रीत म्हणजे पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एक पाण्याची, एक दारूची. १९५९ मध्ये बर्कलीच्या मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी तेच केलं. सी५७ जातीचे उंदीर पाणी सोडून दारूला लागले, डीबीए जातीच्या उंदरांनी तोंड फिरवलं. एक पक्का पिणारा, दुसरा माळकरी. निकाल लागला, असं कुणालाही वाटेल.

पण बाटलीतल्या दारूला चवही असते. ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या ख्रिस्तोफर कनिंगहॅम यांच्या प्रयोगशाळेने म्हणून जिभेलाच वगळलं. उंदराला दारूचं इंजेक्शन देऊन पाच मिनिटं सळ्यांच्या जमिनीवर सोडायचं. दुसऱ्या दिवशी नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन आणि भोकाभोकांची जमीन. असं आलटून पालटून चालतं. शेवटच्या दिवशी दारू नाही. अर्धी जमीन सळ्यांची, अर्धी भोकांची, आणि उंदीर मोकळा. तो कुठे रेंगाळतो, एवढंच मोजायचं. इथे माळकरी डीबीएच सळ्यांवर ठाण मांडतो! पिणाऱ्या सी५७ची ओढ त्यामानाने कच्ची. डीबीएला नकोशी होती ती चव, झिंग नव्हे. गंमत अशी, की रॅट म्हणजे मोठे उंदीर अनेकदा दारूशी जोडलेली जागा चक्क टाळतात. ‘उंदरांना दारू आवडते’ असा मथळा दिसला, तर कोणत्या उंदरांना आणि कोणत्या परीक्षेत, हे आधी विचारावं.

हीच शंका स्वीडनच्याच लिंशोपिंग विद्यापीठातले मार्कुस हायलिग वेगळ्या टोकाने घेतात. मेंदूतला ताणाचा संदेश अडवणाऱ्या औषधांवर त्यांची मोठी भिस्त होती. उंदरांत ती लागू पडत होती. माणसांत तसल्याच एका औषधाची चाचणी २०१५ मध्ये फसली, आणि ती त्यांच्याच गटाची होती. मग उंदरांची परीक्षाच चुकत नसेल ना? २०१८ मध्ये त्यांच्या गटाने मोठ्या उंदरांना कळ दाबून दारू घ्यायची चांगली सवय लावली आणि मग शेजारी दुसरी कळ ठेवली: सॅकरीनचं गोड पाणी. पोषण शून्य, नुसती गोडी. बहुतेकांनी दारू सोडली. जेमतेम १५ टक्के तिला चिकटून राहिले. त्यांच्या दारूत कडू कोयनेल घातलं, पायाला विजेचा झटका दिला, तरी हटले नाहीत. त्यांच्या मेंदूत, अमिग्डलामध्ये, गाबा हे रसायन आवरून घेणारं प्रथिन कमी सापडलं. मद्यासक्तीत आयुष्य गेलेल्या माणसांच्या मेंदूतही तेच दिसलं.

म्हणजे वर्षानुवर्षं ज्या पिंजऱ्यांत दुसरी कळच नव्हती, तिथे सगळ्याच उंदरांना दारुडे ठरवून सरासरी काढली जात होती. ज्याच्यापुढे दुसरं काहीच नाही, त्याच्या पिण्यावरून त्याची आवड ठरवणं हा उंदरावरही अन्यायच.

या चष्म्यातून इंजेक्शनाकडे पाहिलं तर? गोथेनबर्गच्या २०१३च्या प्रयोगात कनिंगहॅम यांच्यासारखी जागेची परीक्षा होती आणि औषध तिला उतरलं. २०२३ मध्ये त्याच गटाने सेमाग्लुटाइड देऊन मोठ्या उंदरांचं पिणं निम्म्यावर आणलं. अमेरिकेतल्या त्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची नऊ आठवड्यांत तलफ कमी झाली, एका बैठकीतले पेगही उतरले. पिण्याचे दिवस मात्र फारसे घटले नाहीत. आशा धरायला एवढं पुरेसं आहे, दारू सोडण्यासाठी परस्पर इंजेक्शन विकत घ्यायला नाही.

ज्यांना घाई आहे, त्यांनी डॉक्टरांना नाल्ट्रेक्सोनबद्दल विचारावं. माकडं स्वतःहून घेत असलेली दारू या औषधाने कमी होते, हे १९८०मध्ये दिसलं. माणसांवरच्या चाचण्या पार करून १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला मद्यासक्तीसाठी मान्यता मिळाली. ही गोळी भारतातही मिळते.