सात मिलिसेकंद गेले कुठे?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत बाटल्यांना लेबल लावणारं एक यंत्र आहे, असं समजा. पट्टा मिनिटाला ३० मीटर वेगानं सरकतोय. बाटली समोर आली की सेन्सर वर्दी देतो, आतला तळहाताएवढा लिनक्स बोर्ड मोटरला हुकूम सोडतो आणि लेबल चिकटतं. शेकडो बाटल्या अगदी सरळ जातात. मग एखादी अशी येते, की लेबल साडेतीन मिलिमीटर सरकलेलं! या वेगाला बाटली एका मिलिसेकंदात अर्धा मिलिमीटर पुढे जाते. म्हणजे हुकूम ७ मिलिसेकंद उशिरा सुटला. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण १ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ७० लाख ठोके पडतात. इतके ठोके कोणी खाल्ले?

लोकल अंबरनाथला उशिरा आली म्हणजे दोष अंबरनाथचा, असं इथला कोणताही पासधारक मानत नाही. कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा साऱ्या पट्ट्यात वर्षानुवर्षं दोनच मार्गिका. पुण्याकडची एक्सप्रेस पुढे काढायची तर लोकलनं मागे थांबायचं. ‘एमयूटीपी ३अ’ या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पातली तिसरी-चौथी मार्गिका याचसाठी हाती घेतलेली आहे. उशीर सोसणारा एक आणि करणारा दुसराच. बोर्डावरही नेमकं हेच घडतं.

प्रत्येक उपकरणाशी बोलणारा एकेक ड्रायव्हर असतो. एखाद्या संथ चिपशी बोलताना मध्ये कोणी येऊ नये म्हणून तो थोडा वेळ इंटरप्ट, म्हणजे बाकीच्या उपकरणांच्या हाका, बंद करतो. तेवढ्या वेळात सेन्सरनं कितीही दार ठोठावलं, तरी प्रोसेसरच्या त्या कोअरला ऐकूच येत नाही. काही मायक्रोसेकंद हे चालून जातं. मिलिसेकंद मात्र चालत नाहीत.

आधी उशीर मोजायचा. थॉमस ग्लाइक्सनर यांनी लिहिलेला ‘सायक्लिकटेस्ट’ हा प्रोग्रॅम फार साधा आहे. ‘मला दर १००० मायक्रोसेकंदांनी उठव’ असं तो कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतो आणि उठल्याबरोबर घड्याळ बघतो. समजा आपल्या बोर्डावर सरासरी उशीर २० मायक्रोसेकंद निघाला, कमाल मात्र ७१००. सरासरीवर समाधान मानणाऱ्याला तो बोर्ड उत्तमच वाटेल. लेबल बिघडवते ती कमाल.

आता गुन्हेगार शोधायचा. पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो: ड्रायव्हरमध्ये जागोजागी ‘प्रिंटके’ टाकून संदेश छापून बघू. आणि उशीर आणखी वाढतो! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो होतो. हे संदेश बाहेर जातात सीरियल पोर्टवरून, आणि त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला सुरुवात-शेवटाच्या खुणांसह १० बिट, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद. ८० अक्षरांची एक ओळ धरा: जवळजवळ ७ मिलिसेकंद! जुन्या पद्धतीच्या कर्नलमध्ये ही ओळ इंटरप्ट बंद ठेवून, एकेक अक्षर बाहेर पडण्याची वाट पाहत छापली जाते. मूळ गुन्हाही असाच घडलेला असू शकतो: कोणत्या तरी ड्रायव्हरनं अधूनमधून ‘पुन्हा प्रयत्न करतोय’ एवढाच इशारा लिहिला, आणि तेवढ्यात आपली बाटली पुढे निघून गेली. त्या सीरियल पोर्टाला केबलसुद्धा लावलेली नसते. ऐकणारं कोणी नाही, तरी बोर्ड सगळं थांबवून ते सांगत बसतो.

हे पकडायचं कसं? इथे मला कर्नलचं सगळ्यात मोठं नवल वाटतं. स्टीव्हन रोस्टेट यांचं ‘एफट्रेस’ २००८ साली लिनक्समध्ये आलं. त्यासाठी कर्नलमधल्या हजारो फंक्शनांच्या तोंडाशी एक छोटी जागा राखलेली असते. एरवी तिथे ‘काही करू नकोस’ एवढीच आज्ञा असते, तिचं ओझं जवळजवळ नाहीच. तपास सुरू करा, की चालू असलेला कर्नल स्वतःच्याच आज्ञा जागच्या जागी बदलतो आणि प्रत्येक फंक्शन नोंद करू लागतं. नोंद जाते मेमरीत, पोर्टावर नाही. इंटरप्ट सगळ्यात जास्त वेळ कधी बंद राहिले, कोणी बंद केले, कोणी उघडले, मधल्या काळात काय चाललं होतं, हे सारं हा साक्षीदार वेळेसकट मांडून देतो.

सीरियलचा गुन्हा सिद्ध झाला, की कन्सोलवर, म्हणजे इथे त्या पोर्टावर, जाणारे संदेश कमी करायचे. ते मेमरीत राहतात, ‘डीमेसेज’ या आज्ञेनं नंतर वाचता येतात. ड्रायव्हरच इतरांना रोखणारं कुलूप धरून ‘एमडिले’ या थांबण्याच्या आज्ञेनं जागच्या जागी गोल फिरत असेल, तर काम जास्त किचकट. तिथे नुसतं ‘झोप’ लिहून चालत नाही, कारण तसलं कुलूप हातात धरून झोपायला मनाई असते. तेव्हा वाट बघण्याचं कामच कुलपाबाहेर, वेगळ्या, स्वतंत्रपणे चालणाऱ्या थ्रेडमध्ये न्यावं लागतं.

लिनक्सला वक्तशीर करणारं ‘प्रीएम्प्ट-आरटी’ मुख्य कर्नलमध्ये यायला जवळपास २० वर्षं लागली, आणि शेवटचा मोठा अडसर होता हाच प्रिंटके. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनर यांनी ते सामावून घेण्याची विनंती कागदावर छापून लिनस टॉरवाल्ड्स यांच्या हाती दिली. नोव्हेंबरात ते सामावलेली लिनक्सची ६.१२ आवृत्ती आली. आता कन्सोलला छपाईसाठी स्वतःचा थ्रेड मिळू शकतो, त्यामुळे महत्त्वाचं काम त्याला ओलांडून पुढे जातं.

दुरुस्तीनंतर सायक्लिकटेस्ट रात्रभर चालवायचा, तोही नेटवर्क, मेमरी कार्ड, यूएसबी सगळ्यांवर मुद्दाम भार टाकून, कारण शांत बोर्डावरचा आकडा फसवा असतो. सकाळी पडद्यावर किमान, आत्ताचा, सरासरी आणि कमाल असे चार आकडे असतात. नजर आधी जाते ती चौथ्यावर.