गाडी कुणाची, कागद कुणाचा, पैसे कुणाला?

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि सारंगखेडा धुळे जिल्ह्यातून तिकडे गेले. पण धुळ्या-जळगावची माणसे हा बाजार अजून आपलाच मानतात. तिथे घोडा घेणाऱ्या माणसाकडे कधी निवांत बघावे. आधी तो जनावराचा जबडा उघडून दात बघतो. अंगावरचे भोवरे बघतो, टाप उचलून बघतो. मालकाला दोन फेऱ्या मारायला लावतो, मग स्वतः लगाम हातात घेतो. एवढे झाले की मालकाचे गाव विचारतो आणि त्या गावात आपल्या ओळखीपाळखीचे कोणी निघते का, हे चाचपून बघतो. किमतीचा शब्द त्यानंतर.

हाच माणूस रात्री जेवण आटोपून पलंगावर आडवा होतो आणि मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघू लागतो, तेव्हा त्याचे हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे! पांढरी गाडी, एका हातची, बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त. 'आणखी तीन गिऱ्हाईके येताहेत, बयाणा टाकला तर थांबवतो,' असा निरोप येतो आणि पंधरा मिनिटांत पाच हजार रुपये रवाना होतात. मालकाचे गाव राहू द्या, त्याचे खरे नावदेखील ठाऊक नसते.

जुनी मोटार घेणे ही आता चैन राहिलेली नाही. वडिलांना दवाखान्यात न्यायचे असते, मुलीच्या सासरी जायचे असते, पावसापाण्यात चौघांना घेऊन मोटारसायकल चालवणे जिवावर आलेले असते. केळीचे किंवा कापसाचे पैसे हातात आले, भिशी लागली, सोसायटीचे कर्ज मिळाले की घरात विषय निघतो. दोन-चार लाखांची ही रक्कम बहुतेक घरांत पुन्हा लवकर जमत नाही. म्हणूनच या फसवणुकीचा विचार थोडा तपशिलात जाऊन करायला हवा. 'सावध राहा' एवढे सांगून काही साधत नाही; सावध तर सगळेच असतात.

खरी गाडी, खरे कागद, तरी फसवणूक

एक उदाहरण घेऊ. माणसे कल्पित आहेत, पण फसवणुकीची पद्धत कल्पित नाही. देशभरच्या पोलीस ठाण्यांत ती पुन्हा पुन्हा नोंदली गेली आहे.

समजा, जळगावच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली गाडी विकायला काढली. त्यांना आपण आप्पा म्हणू. त्यांनी मोबाईलवर जाहिरात दिली, किंमत चार लाख. तिसऱ्याच एका माणसाने ती बघितली, फोटो उचलले आणि तीच गाडी आपल्या नावाने तीन लाखांना जाहिरातीत टाकली. ही दुसरी जाहिरात पारोळ्याच्या एका शिक्षकांनी वाचली आणि फोन केला.

तिसरा माणूस आता दोन्हीकडे बोलतो. आप्पांना म्हणतो, "आप्पा, गाडी मला पसंत आहे, तुमचा भाव मान्य. उद्या माझे मेव्हणे पारोळ्याहून बघायला येतील. त्यांच्याकडे माझे जुने येणे आहे, ते यात वळते करायचे आहे. तेव्हा त्यांच्यापुढे भावाचा विषय तेवढा काढू नका." सरांना म्हणतो, "सर, गाडी माझ्या काकांच्या अंगणात उभी आहे. त्यांचे वय झाले, पैशाचे काही विचारले की गोंधळतात. तुम्ही गाडी बघा, चालवा, कागद बघा. पैशाचे मात्र माझ्याशीच बोला."

सर येतात. चहा होतो. बॉनेट उघडतात, टायर बघतात, गावाबाहेर एक फेरी मारून येतात. आर. सी. बुक अस्सल, विमा चालू. गाडी सुंदर आहे आणि मालक सज्जन आहे, हे दोन्ही खरेच. भावाविषयी दोघेही सांगितल्याप्रमाणे गप्प राहतात. सर अंगणात उभे राहूनच तीन लाख रुपये त्या 'पुतण्या'ने दिलेल्या खात्यावर पाठवतात आणि किल्ली मागतात. आप्पा म्हणतात, "पैसे आले की देतो." फोन लावावा तर बंद. पुढचा अर्धा तास दोन सरळमार्गी माणसे एकमेकांना लबाड ठरवत भांडत राहतात. तिसऱ्याला पैसे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवायला तेवढा वेळ पुरतो.

'गाडी समक्ष बघा, कागद तपासा' हा नेहमीचा उपदेश इथे सरांनी तंतोतंत पाळला होता. चूक झाली ती पैसे कुणाच्या नावावर चालले आहेत, या एकाच प्रश्नात. आर. सी. बुकावर ज्याचे नाव, समोर उभा असलेला माणूस तोच, आणि ज्या खात्यात रक्कम जाते तेही त्याचेच, हे तिन्ही जुळल्याशिवाय एक रुपयाही पुढे सरकवू नये. पुतण्या, मित्र, 'माझी यूपीआयची मर्यादा संपली' ही सारी कारणे या व्यवहारात वर्ज्य समजावीत. मोठी रक्कम एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवावी. १ एप्रिल २०२५ पर्यंत या दोन्ही पद्धतींत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय करा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. मिनिटभर थांबून ते नाव वाचावे.

जनावरांच्या जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची रीत होती. भाव झाकला जाई तो आजूबाजूच्या बघ्यांपासून. घेणारा आणि देणारा यांच्यापासूनच भाव झाकायला कोणी सांगत असेल, तर तिथेच उठावे. आप्पांना सरळ विचारावे, "आप्पा, तुम्ही किती घेताय? आणि हा तुमचा कोण?" या दोन प्रश्नांपुढे अख्खा सापळा मोडतो.

वर्दीचा फोटो

दुसरा प्रकार जुना आहे, तरी अजून चालतो. विकणारा सैन्यातला किंवा सीआयएसएफमधला असतो. ओळखपत्र पाठवतो, वर्दीतला फोटो पाठवतो. बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात काढतोय म्हणतो. गाडी कॅम्पात किंवा विमानतळावर उभी असल्याने बघता येत नाही, पण लष्कराच्या वाहनाने घरपोच येईल. फक्त वाहतुकीचे चार हजार आधी भरा. ते भरले की जीएसटी, मग विमा, मग 'परत मिळणारी' अनामत. दर वेळी रक्कम एवढीच असते की आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढची भरतो.

आपल्याकडे गावोगावची मुले सैन्यात आहेत. फौजी म्हटले की मान आपोआप झुकते. फसवणारा नेमके हेच ओळखून असतो. ओळखपत्रही बहुधा खऱ्याच जवानाचे असते, आधी कुठूनतरी लांबवलेले. जीएसटीचे म्हणाल तर घरगुती माणूस आपली वापरलेली गाडी दुसऱ्याला विकतो, तेव्हा त्यावर जीएसटी नसतोच. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत १८ टक्के दर ठरला तो नोंदणीकृत व्यापाऱ्यासाठी, आणि तोही त्याच्या नफ्यावर.

हे उद्योग राजस्थानातील भरतपूर-अलवर आणि हरियाणातील नूह या मेवात पट्ट्यात फोफावल्याचे तपासांतून वारंवार दिसले. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी सुमारे पाच हजारांचे मनुष्यबळ घेऊन नूहमधील १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले. त्यातून उलगडलेली फसवणूक सुमारे १०० कोटींची आणि बळी २८ हजारांवर असल्याचे पोलिसांनी सांगितले. जवळपास सगळ्या राज्यांतली माणसे त्यात होती.

विकणाऱ्यानेही हुरळून जाऊ नये. 'गाडी घेतली, बयाणा पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका,' असे सांगणारा 'मेजर' त्यालाही भेटतो. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

सातबारा बघणारा माणूस

खान्देशातला शेतकरी पाव एकर जमीन घेतानाही सातबारा काढतो, फेरफार बघतो, 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का हे तलाठ्याला दोनदा विचारतो. मोटारीचाही असाच सातबारा असतो. गाडीवर कर्ज असेल तर आर. सी. बुकावर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव चढलेले असते. कर्ज फिटले असे विकणारा म्हणेल; पण बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन आर.टी.ओ.तून ते नाव उतरवले आहे का, हे बघावे. नुसता 'कर्ज भरले' हा शब्द म्हणजे बोजासकट जमीन.

सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत दिसते. मालकाचे नाव आता फुल्यांनी झाकलेले असते, तरी दिसणारी अक्षरे समोरच्या माणसाच्या आधार कार्डाशी ताडता येतात. मात्र हे ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर परिवहनच्या नावाने आलेली फाईल उघडू नये, कारण तिने बँक खाती रिकामी झाली आहेत. चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचून आर. सी.शी जुळवावेत. आकडे खोडल्यासारखे किंवा पुन्हा ठोकल्यासारखे वाटले तर निघून यावे.

मीटर मागे फिरवणे हा त्या मानाने किरकोळ गुन्हा, पण सर्रास. चाळीस हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसते. टायरवर चार आकडी शिक्का असतो, आठवडा आणि वर्ष सांगणारा, तोही बघावा. आपला मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याचे चार-पाचशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. एकीकडे नवापूर ओलांडले की गुजरात, दुसरीकडे शिरपूरच्या पुढे सेंधवा. सुरतेत तर निम्मे नातेवाईक. त्यामुळे जीजे आणि एमपी पासिंगच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर पुष्कळ, आणि त्या स्वस्तही मिळतात. पण परराज्यातली गाडी घ्यायची तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र हवे, इथला कर भरावा लागतो, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एमएच-१८, १९ किंवा ३९ असा इथला नंबर घ्यावा लागतो. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी विरून जाते. दिल्लीच्या गाड्यांबाबत विशेष चौकशी करावी. तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या दूरवर खपवल्या जातात.

नावावर करण्याचा आळस

व्यवहार झाला, पेढे वाटले, आणि फॉर्म २९ व ३० सह्या करून कपाटात राहिले, असे आपल्याकडे नेहमी होते. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. न कळवल्याचा फटका विकणाऱ्याला किती बसतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात दिसते. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हात फिरली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदलेल्या मालकावर टाकली. गाडी त्याने कधीच विकलेली होती!

घेणाऱ्याचेही तसेच. विमा आपल्या नावावर करून घेतला नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मागताना कंपनी हात वर करते. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे परिवहन खात्याचे अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे. राहता राहिली दुसरी किल्ली. ती मागून घ्यावी. नोएडात एकच गाडी पुन्हा पुन्हा विकणारा एक इसम पोलिसांनी पकडला होता. गाडीत जीपीएस लपवून तो ती विकायचा आणि मागाहून ठावठिकाणा काढून जवळच्या किल्लीने पळवायचा.

एवढे करूनही माणूस फसतो. मग तो काय करतो? गप्प बसतो. घरी बायकोला सांगत नाही, शाळेत सहकाऱ्यांना कळेल म्हणून पोलिसांत जात नाही. दोन-तीन दिवस तोच नंबर पुन्हा पुन्हा लावून बघतो. खरे तर पहिला तास फार मोलाचा असतो. १९३० हा केंद्रीय गृहखात्याचा क्रमांक याचसाठी आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या बँकांत फिरले त्यांना ताबडतोब कळवले जाते आणि खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. पैसे एटीएममधून काढले गेले की तो मार्ग बंद होतो. क्रमांक इंटरनेटवर शोधत बसू नये, तिथे नकली हेल्पलाईनही लावून ठेवलेल्या असतात. 'बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा' म्हणणारा त्याच टोळीतला समजावा. पूर्वी ज्याला आपण चारशेवीस म्हणत असू, तो गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गेला आहे. बोलण्यात मात्र चारशेवीसच राहील.

आता पुन्हा आप्पांच्या अंगणात जाऊ. सरांनी भांडण थांबवून तिथूनच १९३० लावायला हवा. व्यवहार क्रमांक, पाठवल्याची वेळ, समोरच्या खात्याचा क्रमांक सांगायला हवा. आप्पांकडेही त्याच माणसाचे फोन आणि निरोप आहेत. ते पुसून न टाकता त्यांनी पोलिसांना द्यायला हवेत. दोघांनी मिळून पोलीस ठाण्यात जावे. सर पारोळ्याचे आणि आप्पा जळगावचे म्हणून 'तुमच्या हद्दीत जा' असे कोणी म्हटलेच, तर हद्दीबाहेरचा गुन्हाही शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावा लागतो, हे नम्रपणे सांगावे आणि पोच घेतल्याशिवाय बाकावरून उठू नये.