पंखा निवडण्याआधी जाळी बघा

नवा रायपूरच्या सेक्टर २७ मध्ये भाच्याकडे गेलो होतो. मे महिन्याची दुपार, बाहेर पारा ४३ च्या पुढे, खोलीत कूलर चालू, आणि टेबलावर त्याचा कॉम्प्युटर उघडा पडलेला. गेम सुरू केला की दहा मिनिटांत प्रोसेसर तापून संथ व्हायचा, म्हणून त्यानं तीन नवे पंखे मागवले होते. "मामा, हे एअरफ्लोवाले आहेत. कॅबिनेटला हेच लागतात. स्टॅटिक प्रेशरवाले फक्त लिक्विड कूलिंगच्या रेडिएटरला."

हे वाक्य रायपूरच्या आणि नागपूरच्या दुकानांतही मी ऐकलं आहे. ते अर्धंच खरं आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उरलेलं अर्धं महागात पडतं.

गोष्ट कूलरवरून चटकन कळते. कूलरच्या ताट्यांमध्ये नवं गवत दाबून भरलं की हवा कमी येते. मागची ताटी काढली की तोच पंखा तीच मोटर घेऊन भरभरून हवा फेकतो. पंखा बदललेला नसतो, त्याच्यासमोरचा अडथळा बदललेला असतो. अडथळ्यातून हवा रेटण्याची पंख्याची ताकद म्हणजे स्टॅटिक प्रेशर. ती 'मिलिमीटर पाणी' या मापात मोजतात. पंखा हवा पंपासारखी दाबून भरतो, असा काहींचा समज असतो. पण वातावरणाचा दाब दहा मीटरहून जास्त उंचीच्या पाण्याएवढा असतो आणि कॉम्प्युटरचा चांगला पंखा जेमतेम अडीच मिलिमीटर देतो. तेवढ्यावरच सारा खेळ आहे.

मोठा घोळ होतो तो खोक्यावरच्या आकड्यांनी. तिथं छापलेला हवेचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो, आणि दाबाचा आकडा हवा पूर्ण अडवलेली असतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. तुमच्या कॅबिनेटमध्ये पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो, आणि नेमकं कुठे, ते जाळी, फिल्टर आणि रेडिएटर ठरवतात.

नॉक्टुआ कंपनीचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे घ्या. एनएफ-एस१२ए हा हवेसाठी बनवलेला : मिनिटाला १,२०० फेऱ्यांना तासाला १०७.५ घनमीटर हवा, दाब १.१९ मिलिमीटर. एनएफ-एफ१२ हा दाबासाठी : १,५०० फेऱ्यांना ९३.४ घनमीटर, दाब २.६१. दुसऱ्याचा दाब दुपटीहून जास्त दिसतो. पण फेऱ्या सारख्या नाहीत, हे किती जण बघतात? दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एफ१२ ला १,२०० फेऱ्यांवर आणलं, तर गणितानं त्याचा दाब १.६७ च्या आसपास येतो. म्हणजे दिसणाऱ्या फरकातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग निव्वळ वेगाचा, आणि उरलेलाच काय तो पात्यांच्या घडणीचा. म्हणून पाती मोजून किंवा नुसतं नाव वाचून पंखा घेऊ नये. सारख्या फेऱ्यांवर, आणि जमलं तर सारख्या आवाजावर तुलना करावी.

आता 'कॅबिनेटला एअरफ्लोच' या समजुतीकडे येतो. मागच्या बाजूला उघडी जाळी असेल, तर तिथं एअरफ्लो पंखा उत्तम. पुढची बाजू मात्र वेगळी. तिथं बारीक फिल्टर असतो, वर कित्येकदा काचेचं झाकण आणि कडेला बोटभर फट. हा अडथळा रेडिएटरपेक्षा फारसा हलका नसतो. त्यात नवा रायपूरचे रुंद रस्ते, मोकळी माळरानं, जागोजागी चाललेली बांधकामं, म्हणजे धूळच धूळ. भाच्याचा फिल्टर काढून मी ट्यूबलाइटसमोर धरला, तर पलीकडचा उजेड दिसेना. अशा फिल्टरमागे एअरफ्लो पंख्याच्या पात्यांची हवेवरची पकड सुटते. घरघर वाढते आणि झोत मरतो. धुळीच्या गावात पुढे दाबाचे पंखे लावावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

'स्टॅटिक प्रेशर म्हणजेच पॉझिटिव्ह प्रेशर' हाही एक गोंधळ. पहिला पंख्याचा गुण. दुसरी कॅबिनेटची अवस्था : बाहेर फेकली जाते त्याहून जास्त हवा आत ओढली जात असली, की फटींतून हवा बाहेरच पडते आणि धूळ फिल्टरवरच अडकते. आपल्याकडे हे फार उपयोगी. पण हवेला बाहेर पडायला वाट हवीच. खिडकी बंद ठेवून कूलर लावला की काय होतं, ते विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये पोरासोरांनाही ठाऊक आहे.

दोन पंखे म्हणजे दुप्पट थंडावा, हेही खरं नाही. शेजारी-शेजारी लावले तर हवा वाढते, एकामागे एक लावले तर दाब वाढतो. पातळ रेडिएटरला दोन्ही बाजूंनी पंखे लावण्यात पैशाच्या मानानं फार थोडं हाती लागतं.

कूलरच्या ओल्या हवेनं बोर्डवर पाणी धरतं, अशी भीती पुष्कळांना असते. दव धरतं ते हवेपेक्षा गार पृष्ठभागावर, आणि चालू कॉम्प्युटरचे भाग खोलीपेक्षा गरम असतात. कूलरचे तुषार मात्र थेट कॉम्प्युटरवर येऊ देऊ नका.

आणि कुठलाही पंखा कॉम्प्युटरचा कुठलाही भाग खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ वर राहणारा प्रोसेसर तेवढ्याच कामाला ४० अंशांच्या खोलीत ८० च्या घरात जाणारच.

दाबाचे पंखेच जिथं लागतात, त्या सर्व्हरांचं उदाहरणही इथलंच. ३ मे २०२५ रोजी छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी नवा रायपूरमध्येच, सेक्टर २२ मध्ये, एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी केली. अशा ठिकाणच्या रॅकमध्ये सर्वांत पातळ सर्व्हरला ४४.४५ मिलिमीटर उंचीची जागा मिळते. त्यात ४० मिलिमीटरचे पंखे दाटीवाटीच्या हीटसिंकमधून हवा रेटतात. तिथं दाबाला पर्याय नाही, आणि आवाजाची पर्वाही कुणी करत नाही. घरात रात्री अभ्यासाला बसणाऱ्याला ती करावी लागते.

म्हणून पैसे घालण्याआधी एक करा. पुढचं झाकण काढून तोच गेम दहा मिनिटं चालवा. तापमान लक्षात येण्याइतकं उतरलं, तर दोष पंख्याचा नाही, अडथळ्याचा आहे. मग फिल्टर साध्या पाण्यानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत बसवा. एप्रिल ते जून हे दर पंधरा दिवसांनी करा. हे करून पाहिल्यावर भाच्यानं तीनपैकी एकच पंखा ठेवला, तो मागे बसवला. बाकीचे दोन परत पाठवले.